प्राण आणि कूस

सिझेरियन हा शब्द आता आपल्या घराघरांत पोचला आहे. पोट उघडून मूल बाहेर काढणे शस्त्रवैद्यांना फार पूर्वीच जमले होते. जमत नव्हते ते नंतरचे रक्त थांबवणे. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त खेळत असते, हे ध्यानात घ्या. वार सुटली की गर्भाशय मुठीसारखे आवळते आणि स्नायूंच्या विणीत सापडलेल्या रक्तवाहिन्या मिटतात. ते सैलच राहिले, तर बाळंतिणीच्या जिवावर बेतायला वेळ लागत नाही.

गंमत अशी की, त्या काळी गर्भाशयावरची चीर बहुधा शिवतच नसत. ते आपोआप आवळणार, मग टाके कशाला? आणि आत राहिलेले टाके पुढे काढायचे कसे? अशी समजूत. मग कोणी रक्त जाऊन दगावे, कोणी पू होऊन.

२१ मे १८७६ रोजी इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो या वैद्याने वेगळी वाट धरली. जुलिया काव्हाल्लिनी ही पंचवीस वर्षांची पहिलटकरीण. मुडदुसाने तिच्या कमरेची हाडे वाकलेली. मूल वाटेने येणे अशक्य. पोर्रोने मुलगी बाहेर काढली, रक्ताची धार लागली, तेव्हा तारेचा फास आवळून त्याने पिशवीच काढून टाकली. बोस्टनच्या स्टोररने १८६८ मध्ये हेच केले होते. त्याची रोगी वाचली नाही. इथे आई आणि मुलगी दोघी जगल्या. मात्र पुढच्या मुलाची आशा तिथेच संपली!

ही किंमत टाळता येईल का? १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगरने चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भाशय नीट शिवण्याची रीत मांडली. चिरेतले रक्त थांबले. पण चीर शिवूनही गर्भाशय आवळलेच नाही तर? विसाव्या शतकात त्याच्या रक्तवाहिन्या बांधून पाहण्यात आल्या. पुढे सिएरा लिओनमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडात काम करणारे ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी १९९७ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. दोन्ही हातांनी दाबल्यावर रक्त थांबते ना? मग तोच दाब दोऱ्याने कायम ठेवायचा. विजारीचे गॅलिस खांद्यावरून घ्यावेत, तसा दोरा गर्भाशयावरून घेऊन आवळायचा. त्यांनी सांगितलेल्या पाचही रुग्णांची पिशवी वाचली.

म्हणून पोर्रोचा उपाय मोडीत निघाला असे मात्र समजू नका. औषधे, टाके, बांधण्या, सारे थकले की आजही शेवटी पिशवी काढावीच लागते, आणि तो निर्णय लांबला तर बाई हातची जाते. कूस वाचवण्याची धडपड हवीच. पण ती कुठे थांबवायची हे ओळखणे, हीच इथली खरी विद्या.