शून्य मैलाचा दगड

नागपुरात विधानभवनाच्या आग्नेयेस, हमरस्त्याच्या कडेला वालुकाश्माचा एक स्तंभ उभा आहे. त्याच्या शेजारी एक षट्कोनी शिळा असून जवळच चार घोडे उधळल्याच्या आविर्भावात उभे केलेले आहेत. घोडे मागाहूनचे होत. त्यांचा इतिहासाशी संबंध नाही. या स्थळास सारे गाव ‘झिरो माइल’ म्हणते. अलीकडे शेजारीच मेट्रोचे स्थानक झाले, त्यालाही तेच नाव मिळाले. हा हिंदुस्थानचा बरोबर मध्य असून इंग्रजांनी देशातील सर्व अंतरे येथूनच मोजली, असे नागपूरकर पाहुण्यास मोठ्या अभिमानाने सांगतो. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तेच लिहितात. आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या वडिलांनीही तेच लिहिले होते.

स्तंभ स्वतः काय म्हणतो, हे मात्र थांबून वाचणारे थोडे. तो भूमापन खात्याने 1907 साली उभारलेला उंचीचा प्रमाण-दगड आहे. समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट ही उंची त्यावर कोरलेली असून, मध्याचा दावा तो कोठेही करीत नाही. कराचीपासून 1858 साली सुरू झालेली समतलनाची कामे पुढे देशभर पसरली, आणि त्यांच्या जाळ्यातील पक्के ठिकाण म्हणून असे दगड अनेक शहरी बसविण्यात आले. नागपूरचा दगड त्यांपैकी एक होय. उंचीच्या खुणेस मध्यबिंदू ठरविणे म्हणजे तापमापकाने वजन करण्यासारखे झाले! शिवाय मध्य काढावयाचा तो कोणत्या देशाचा? 1907 साली ब्रह्मदेश हिंदुस्थानातच मोडत होता. तो धरला की मध्य पूर्वेकडे सरकतो. आजच्या भारताचा मध्य कटनी जिल्ह्यातील करौंदी गावी मानतात. अंतरे सर्वत्र नागपुरापासूनच मोजली जात, हेही खरे नाही. मुंबईचे जुने मैलाचे दगड फोर्टातील सेंट थॉमस चर्चपासून अंतर सांगतात.

खरी मौज षट्कोनी शिळेवरील गावांच्या यादीत आहे. कवठा 62 मैल, शिवनी 79, छिंदवाडा 83, बैतूल 101, चांदा 125, जबलपूर 170, रायपूर 174 आणि हैदराबाद 318. या यादीत मुंबई नाही, पुणे नाही. शेजारचे अमरावतीसुद्धा नाही. 1861 साली बनविलेल्या मध्यप्रांताची नागपूर ही राजधानी, आणि ही यादी त्या प्रांताच्या सडकांची आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि तो प्रांत गेला. जबलपूर, शिवनी, छिंदवाडा व बैतूल मध्यप्रदेशात राहिले. रायपूर 2000 साली छत्तीसगडची राजधानी झाले. हैदराबाद 2014 पासून तेलंगणाचे. नकाशा तीन वेळा बदलला, शिळेवरील मैल तेवढे अढळ राहिले. नागपूरच्या मराठी माणसाचे मन आजही कधी उत्तरेकडे तर कधी पश्चिमेकडे का ओढले जाते, हे समजून घेण्यास मला ही यादी कोणत्याही आयोगाच्या अहवालापेक्षा अधिक उपयोगी वाटते.

ज्याच्या नावावर हे सारे मापन खपविले जाते, त्याचे स्मारक नागपुरात नसून हिंगणघाटास आहे. विल्यम लॅम्ब्टन याने 1802 साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय पाहणीस आरंभ केला आणि वीस वर्षे अर्धा टन वजनाचे यंत्र डोंगरमाथ्यांवर चढवीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. नागपुरास ठाणे हलविण्याच्या बेताने हैदराबादेहून निघाला असता 20 जानेवारी 1823 रोजी वाटेतच त्याचा अंत झाला. त्याचा मदतनीस एव्हरेस्ट हा जगातील सर्वोच्च शिखरावर नाव कोरून गेला. लॅम्ब्टनचे थडगे हिंगणघाटच्या लोकांनाही विचारीत शोधावे लागते.

आता दगडापासून दृष्टी वर उचलून सीताबर्डीच्या टेकडीकडे न्यावी. 26 नोव्हेंबर 1817 च्या सायंकाळी येथे आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची व रेसिडेंट जेंकिन्सच्या पलटणींची लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली रिसाल्याने हल्ला चढविला, टेकडीवर दारूचा स्फोट झाला आणि रंग पालटला. दुपारपर्यंत निकाल लागला. त्यानंतर भोसल्यांची गादी उरली, पण ती कंपनीच्या मर्जीची. 1853 साली तिसरे रघूजी वारले आणि डलहौसीने पुढल्याच वर्षी राज्य खालसा केले. आप्पासाहेब कैदेतून निसटून 1840 साली जोधपूरला वारले. कंपनीच्या बाजूने पडलेल्यांत मद्रासी व बंगाली पलटणींचे हिंदी शिपाईच अधिक होते, हेही विसरू नये. किल्ला आज लष्कराकडे आहे व वर्षातून काही ठराविक राष्ट्रीय दिवशीच तो लोकांस खुला होतो.

झिरो माइलच्या जवळच एक अगदी वेगळे स्मारक आहे. अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी 23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाजाचा मोर्चा हिवाळी अधिवेशनावर आला होता. पोलिसांच्या लाठीमारात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसे मेली. त्यांत बायका व मुलेच पुष्कळ. ही गुरे राखणारी, खेड्यापाड्यांतून आलेली माणसे होती. त्यांच्या मागणीस 2018 साली उच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. पाहुण्यास घोडे दाखविणारा नागपूरकर हे स्मारक सहसा दाखवीत नाही. गोवारी मात्र दरवर्षी 23 नोव्हेंबरला तेथे येऊन फुले वाहतात. तीन दिवसांनी टेकडीवरील लढाईची तारीख येते. त्या दिवशी तेथे कोणी फूल वाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.