स्तनातील गाठ आणि उपचारांतील विलंब

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखले तरच आजार, असे मानणाऱ्या घरात तिच्याकडे दुर्लक्ष होते. मूल अंगावर पीत असेल तर ‘दुधाची गाठ’ म्हणून तिची बोळवण केली जाते. मग पुरुष डॉक्टरांपुढे वाटणारा संकोच, स्तन काढावा लागेल ही भीती आणि सुई टोचल्याने रोग पसरतो हा निराधार समज आड येतो. मुलांच्या परीक्षा, घरातले लग्न, ही कारणे तर कायमचीच!

अंतर हाच अडसर असतो असे नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय वरळीपासून हाकेच्या अंतरावर, तेही १९४१ पासून. म्हणूनच तपासणीच वस्तीत नेण्याचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. याच रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये तो सुरू केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा हाताने तपासणी केली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटातील रुग्णांपैकी ३७ टक्के तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यातील होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात तसा लाभ दिसला नाही.

अर्थात, ही सरसकट तपासणी होती. गाठ, त्वचेवर खळी किंवा स्तनाग्रातून रक्त आढळल्यास कोणत्याही वयात डॉक्टरांना लगेच दाखवणे आवश्यक असते.