‘भिऊ नका’ बायबलमध्ये खरंच 365 वेळा आहे का? आणि 1897 सालच्या रमाबाई

वर्षाच्या सुरुवातीला किंवा एखादं संकट आलं की एक मेसेज हमखास फिरतो. बायबलमध्ये ‘भिऊ नको’ हे शब्द बरोबर 365 वेळा आले आहेत, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एकदा. ठाकुर्ली-डोंबिवलीपासून वसईपर्यंतच्या किती ग्रुपवर तो येत असेल, कुणास ठाऊक.

हा आकडा खरा नाही. भाषांतरागणिक मोजणी बदलते, पण ‘भिऊ नको’, ‘घाबरू नका’ अशा थेट आज्ञा मोजल्या तर त्या साधारण शंभराच्या आसपास भरतात. 365 होत नाहीत. अर्थात, शंभरही काही कमी नाहीत. हे शब्द बहुतेक वेळा ज्यांच्यासमोर खरंच संकट आहे अशा माणसांना उद्देशून येतात. भीती खोटी आहे, असं त्यांना कुणी सांगत नाही.

ही आज्ञा प्रत्यक्षात पाळायची म्हणजे काय करायचं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई.

दुष्काळाची ओळख आधीचीच

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थयात्रा करत फिरे. 1870 च्या दशकात दुष्काळात अन्नान्न दशा झाली आणि आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर हिंडले. पुढे भाऊ गेला. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं वारले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात नेलं. शाळेत धर्म शिकवला जाणार नाही, असं आश्वासन होतं. पण काही मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या गेल्या, तेव्हा 1893 मध्ये गदारोळ उठला. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा मुद्दा अगदीच निराधार नव्हता, हेही इथे नमूद करायला हवं. रमाबाईंचं म्हणणं असं की त्या कुणाला बोलावत नाहीत, पण प्रार्थना करताना स्वतःच्या खोलीचं दारही बंद करणार नाहीत.

बाहेर दुष्काळ, घरात प्लेग

1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अनाथगृहांची दैना त्यांनी पाहिली आणि निराधार मुलींना पळवून नेणारे दलालही. उपाशीपोटी वणवण म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मुलींना त्यांनी सोबत आणायला सुरुवात केली. आकडा शेकड्यांत गेला, आणि पैशाची सोय मात्र आधी झालेली नव्हती.

त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती (नगरजवळचं केडगाव वेगळं). अमेरिकेतून येणारी मदत 10 वर्षांचीच होती, ती थांबल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा त्यामागचा हिशोब. श्रद्धेबद्दल बोलताना हा हिशोब सहसा सांगितला जात नाही. तो नसता तर मुलींना उतरवायला जागाच नव्हती. सुरुवात तंबू आणि झोपड्यांमध्ये झाली. त्याचंच पुढे मुक्ती सदन झालं.

रँडच्या प्लेग कमिटीचा तो काळ. सोल्जर घरात घुसून झडत्या घेत, संशयितांना उचलून नेत. रमाबाईंनी मे 1897 मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्राला पत्र लिहून प्लेग हॉस्पिटलात आणि छावणीत स्त्रियांचे काय हाल होतात, ते जाहीर केलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचलं. सरकारनं आरोप फेटाळले. ख्रिस्ती झालेली बाई ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या बाजूनं राहील, अशी ज्यांची अटकळ होती त्यांना हे अनपेक्षित होतं. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. त्या वातावरणात सरकारविरुद्ध नावानिशी लिहिणं किती जोखमीचं होतं, हे यावरून लक्षात येईल.

1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर केडगावात जवळपास दोन हजार मुली-स्त्रिया होत्या. विणकाम, शेती, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, असा पसारा वाढत गेला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करायला बसल्या. त्याची छपाई मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच केली.

1921 मध्ये मनोरमा गेली. कामाची वारसदार तीच होती. रमाबाईंनी भाषांतराचं काम थांबवलं नाही. ते हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.