वाढत्या वयातली गुडघेदुखी : १९०३ पासून आजपर्यंत

खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या किंवा रोज धावणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे टेंगूळ येतं, जिना चढताना कळ येते. कागदावर 'ऑसगुड-श्लाटर डिसीज' लिहिलेलं वाचून आपल्या घाटनांदूरसारख्या गावात काय किंवा पुण्यात काय, पालक घाबरतातच. म्हणून आधी या नावाचा इतिहास पाहू.

१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाचं हाड डॉक्टरांना दिसू लागलं. १९०३ मध्ये बॉस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिचचे कार्ल श्लाटर यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, मुलांच्या याच दुखण्याचं वर्णन केलं. म्हणून दोघांचं नाव लागलं. 'डिसीज' हा शब्दही त्याला चिकटला. प्रत्यक्षात हा संसर्ग नाही आणि संधिवातही नाही.

मग होतं काय? मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. वाढीच्या वयात ही जोडाची जागा कूर्चेची, म्हणजे नाजूक असते. उड्या आणि धावण्यामुळे तिथे सतत ओढ बसते आणि ती जागा सुजते.

पूर्वी यावर कित्येक आठवडे प्लास्टर घालत. दुखणं थांबायचं, पण मांडी बारीक आणि कमजोर व्हायची. आज प्लास्टर क्वचितच लागतं. २०२० मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलांना खेळाचा भार कमी करून टप्प्याटप्प्याने मांडीचे व्यायाम दिले. बारा आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी सुधारणा सांगितली. मात्र खेळात परतायला अनेकांना त्याहून बराच जास्त वेळ लागला.

यातून तुम्ही काय घ्यायचं? मुलाचा खेळ कायमचा बंद करू नका. दुखेल तेवढ्या उड्या आणि धावणं कमी करा. सरावानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं लावा. टेंगूळ मालिश करून 'बसवायला' जाऊ नका. वाढ पूर्ण झाली की दुखणं बहुतेकांचं थांबतं, टेंगूळ मात्र राहू शकतं.

पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लंगडणं, पूर्ण गुडघ्याला सूज किंवा जांघेत दुखणं असेल, तर थांबू नका. खुब्याचा आजारही गुडघेदुखी म्हणून समोर येतो. अशा वेळी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे लगेच दाखवा.