उड्डाण टायमर

उड्डाण टायमर ही रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांच्या ट्रान्समीटरमधील, उड्डाणाचा कालावधी मोजणारी सुविधा आहे. बॅटरी किंवा इंधन संपण्यापूर्वी विमान सुरक्षितपणे उतरवता यावे, हा तिचा मुख्य उद्देश असतो.

प्रकार

एजटीएक्स या मुक्तस्रोत प्रणालीत प्रत्येक मॉडेलसाठी तीन टायमर असतात. थ्रॉटल प्रथम पुढे करताच सुरू होऊन अखंड चालणारा, थ्रॉटल शून्यावर येताच थांबणारा आणि थ्रॉटलच्या प्रमाणात कमी-अधिक वेगाने चालणारा, असे त्याचे प्रकार आहेत. शेवटचा प्रकार प्रत्यक्ष वीजवापराशी अधिक जुळतो.

वेळेची निश्चिती

अतिविसर्जनाने लिथियम-पॉलिमर बॅटरी कायमची खराब होते. म्हणून तिची सुमारे ८० टक्के क्षमताच वापरण्याचा प्रघात आहे. उदाहरणार्थ, २२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ५ मिनिटांच्या उड्डाणानंतर पूर्ण चार्ज करण्यास १३२० मिलिअँपिअर-तास लागले, तर दर मिनिटाचा वापर २६४ मिलिअँपिअर-तास होतो. ८० टक्के, म्हणजे १७६० मिलिअँपिअर-तास, सुमारे ६ मिनिटे ४० सेकंद पुरतात. उतरण्यासाठी एक मिनिट राखून टायमर साडेपाच मिनिटांवर लावता येतो.

मर्यादा

टायमर केवळ वेळ मोजतो, बॅटरीतील शिल्लक ऊर्जा नव्हे. अर्धवट चार्ज केलेली बॅटरी जोडल्यास इशारा मिळण्यापूर्वीच मोटर बंद पडू शकते.