डावा हात

तुम्ही १८८८ च्या सरत्या महिन्यांत, पुण्यात, गंज पेठेत आला आहात. थंडी पडू लागली आहे. अंगणातल्या विहिरीपासून पुढे या आणि घरात शिरा. इथे तुम्ही कुणाला दिसणार नाही.

भिंतीला टेकून बसलेले गृहस्थ एकसष्ट वर्षांचे आहेत. मे महिन्यात मुंबईला, मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी सभा भरवून त्यांना ‘महात्मा’ म्हटलं. जुलैत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉक्टर विश्राम घोले यांच्या उपचारांनी जीव वाचला. पण उजव्या हातात टाक धरवत नाही, म्हणून जोतीराव फुले आता डाव्या हातानं लिहितात.

जवळ बसा आणि नुसतं बघत राहा. घाई करू नका, कारण त्यांनाही करता येत नाही. मराठी डावीकडून उजवीकडे जाते. डावा हात आपणच लिहिलेल्या ओल्या शाईवरून सरकतो. काना तिरका पडतो, वेलांटी भलतीकडे वळते, शिरोरेघ ओढताना मनगट दमतं. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हा माणूस, त्याला शब्दांची वाण कधीच नव्हती. आज एकेका ओळीला श्रम पडतात, आणि अशा किती ओळी आपल्या वाट्याला उरल्या आहेत हेही त्याला माहीत नाही.

मग तो लिहितो काय?

आत्मचरित्र नाही. सांगण्यासारखं किती होतं! १८४८ ची मुलींची शाळा, विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून १८६३ मध्ये उघडलेलं घर, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला स्वतःचा हौद. यातलं काहीही त्यांनी आठवणी म्हणून लिहून ठेवलं नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं. मरण दारात दिसलं की माणसाला आपली बाजू मांडून ठेवायची घाई होते. इथे ती दिसत नाही.

समोरच्या कागदांवर प्रश्न आहेत आणि उत्तरं आहेत. निर्मिकानं, म्हणजे सृष्टीच्या कर्त्यानं, माणूस घडवला, तर स्त्री आणि पुरुष यांत उणं कोण? भटाशिवाय लग्न कसं लावावं? घरात कुणी गेलं तर मागे राहिलेल्यांनी काय करावं? राग त्यात आहेच, तो गेलेला नाही. पण या होऊ घातलेल्या पुस्तकाचा मोठा भाग साध्या घरातल्या साध्या माणसानं रोज कसं वागावं यासाठी आहे. उद्या आपण नसताना कुणाच्या तरी मुलीचं लग्न लागणार आहे, कुणाचा तरी बाप जाणार आहे. त्या घरांना उपयोगी पडेल ते आधी लिहायचं, असा हा हिशेब.

आता टाक तुम्ही घ्या. डाव्या हातात. स्वतःचं नाव लिहून बघा. तेवढ्यानंच बोटं आखडतील. दिवसाला अशी दहा ओळींची ताकद असेल, तर तुमच्या आजच्या कामांतलं कोणतं तुम्ही त्या दहा ओळींत बसवाल? कुणाशी चाललेला वाद त्यात येईल का? कुणाला तरी लिहायचं राहून गेलेलं पत्र येईल का? उत्तर लगेच देऊ नका. इथे बराच वेळ आहे.

घरात यशवंतच्या लग्नाचं बोलणं चालू आहे. विधवांसाठी उघडलेल्या त्या घराच्या आसऱ्याला आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा हा मुलगा, जोतीराव आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी दत्तक घेतलेला. फेब्रुवारीत लग्न आहे, सत्यशोधक पद्धतीनं, म्हणजे भटाशिवाय. कधीकाळी ठेकेदारीतून मिळवलेला पैसा समाजाच्या कामात संपला आहे आणि आजारपणात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची मदत घ्यावी लागते आहे. मृत्युपत्र मात्र झटका येण्याच्या वर्षभर आधीच, १० जुलै १८८७ रोजी, झालं आहे. धडधाकट असतानाच त्यांनी मरणाकडे सरळ पाहून घेतलं होतं. डाव्या हाताचं हे बळ मला तिथूनच आलेलं दिसतं.

आता दोन वर्षं पुढे चला. २८ नोव्हेंबर १८९०. जोतीराव गेले आहेत. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, ही त्यांची इच्छा होती. खड्डाही घरामागे तयार होता. वस्तीत दफनाला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, म्हणून दहन ठरलं आहे.

दारात गर्दी आहे. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावर भाऊबंद अडून बसले आहेत. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नाही. आवाज चढतात. तेवढ्यात सावित्रीबाई पुढे येतात, टिटवं स्वतः उचलतात आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागतात. अग्नीही त्याच देतात.

पुस्तक अजून छापलेलं नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये निघेल. स्त्री-पुरुषांच्या बरोबरीबद्दल त्यात काय लिहिलं आहे, हे या गर्दीतल्या बहुतेकांना तेव्हा वाचायला मिळेल.