आधीं दिसलेली वार

मनुष्यदेहांत असा एकच अवयव आहे कीं, जो नऊ महिने अखंड राबतो व काम संपतांच देहाबाहेर टाकला जातो. आपण त्यास वार म्हणतों. सुश्रुतसंहितेंत त्यास ‘अपरा’ असें नांव आहे. गर्भाचें पोषण व श्वसन तिच्याच द्वारें चालतें. असें असूनही शतकानुशतकें तिचें दर्शन घडे तें प्रसूतीनंतरच. जाणती सुईण पडलेली वार पुरी आहे कीं नाहीं हें निरखून पाही; कारण तुकडा आंत राहिल्यास रक्त थांबत नाहीं. तिचें ज्ञान खरें होतें, पण तें उशिरां येई.

युरोपांतही निराळी स्थिति नव्हती. विल्यम हंटर यानें १७७४ सालीं सगर्भ गर्भाशयाचीं प्रसिद्ध चित्रें छापलीं, तीं मृत स्त्रियांच्या देहांवरून. जिवंत मातेच्या उदरांत डोकावण्याचा मार्ग ग्लासगोच्या इयन डोनाल्डनें १९५८ सालीं ध्वनिलहरींच्या योगें दाखविला. तीच आजची सोनोग्राफी. पुढें १९७३ सालीं पॉल लॉटरबर यानें चुंबकीय क्षेत्राच्या साह्यानें चित्र काढण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि १९८३ सालीं ॲबर्डीन येथील वैद्यांनीं गर्भवतींच्या तशा तपासणीचा वृत्तांत दिला. या एम. आर. आय. यंत्रांत क्ष-किरण नसतात. शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजन-अणूंकडून येणाऱ्या संदेशांवरून चित्र उमटतें.

या इतिहासाशीं नांदेड-लातूरचा संबंध काय, असें कोणी विचारील. पूर्वीं शस्त्रक्रियेनें बाळंत झालेल्या स्त्रीची वार कधीं कधीं जुन्या व्रणांत रुजते. क्वचित् मूत्राशयापर्यंत पोंचते. ती सोडवूं जातां रक्ताचा लोट सुटतो. सोनोग्राफीनें हें बहुधा कळतें. परंतु वार गर्भाशयाच्या मागील भिंतीवर असली किंवा शंका उरली, म्हणजे एम. आर. आय. उपयोगी पडतो. नांदेडास १९८८ पासून व लातुरास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; पण किनवटची गर्भवती नांदेडपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असते. वार कोठें व किती खोल रुजली आहे हें आधीं कळलें, तर रक्ताची तजवीज, निष्णात शस्त्रवैद्य व शस्त्रक्रियेचा दिवस हें सर्व ठरवून तिला वेळेवर शहरांत आणतां येतें. कळा सुरू झाल्यावर कळलें, तर तेवढी वाटच तिच्या जिवावर उठते.

यंत्र रक्तस्राव थांबवीत नाहीं. तें वेळ मिळवून देतें. जुन्या सुइणीजवळ नेमका तोच नव्हता. मिळालेला वेळ कारणीं लावणें मात्र घरच्या माणसांच्या व वैद्यांच्याच हातीं आहे.